संमतीस असमर्थ रुग्णावरील उपचार : कायद्याचा आधार आणि आपले कर्तव्य

धर्मग्रामातील एखादी व्यक्ती अकस्मात अत्यवस्थ झाली म्हणजे घरची मंडळी डॉक्टरांच्या पाठोपाठ धर्मगुरूंना किंवा धर्मशिक्षकांना बोलावणे पाठवतात. रुग्ण बेशुद्ध असतो, शस्त्रक्रियेच्या कागदावर कोणाची तरी सही हवी असते, आणि "फादर, आता तुम्हीच सांगा" असे म्हणून सारेजण आपल्या तोंडाकडे पाहू लागतात. कधी हाच प्रश्न वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध मातेविषयी विचारला जातो, कधी मनोरुग्ण मुलाविषयी. अशा वेळी धीर देणे हे आपले काम आहेच. परंतु चुकीच्या समजुतीवर आधारलेला सल्ला आपण दिला तर त्याचे फळ रुग्णाला भोगावे लागते. म्हणून, जो रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही त्याच्यावर उपचार करण्याचा अधिकार डॉक्टरला कोठून प्राप्त होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. येथे सांगितलेला कायदा अखिल भारतीय आहे. गोवा असो की बेळगाव, इंदूर असो की हैदराबाद, तो सर्वत्र सारखाच लागू होतो.

१. मूळ तत्त्व

सज्ञान माणसाच्या देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे, हे या साऱ्या विषयाचे मूळ तत्त्व होय. डॉक्टरचा हेतू कितीही चांगला असो, संमतीवाचून केलेला उपचार हा तत्त्वतः दुसऱ्याच्या शरीरावरील आक्रमणच ठरतो. संमती म्हणजे केवळ सही नव्हे. रोग कोणता, उपचार कोणता, त्यात धोका किती, दुसरा मार्ग आहे काय, आणि काहीच न केल्यास काय होईल, हे समजून घेऊन स्वेच्छेने दिलेला होकार म्हणजे संमती.

आता आपल्याकडील एक दृढ समजूत तपासून पाहू. पती पत्नीसाठी, मुलगा वडिलांसाठी, आई आपल्या थोर झालेल्या लेकीसाठी सही करू शकते, आणि ती सही झाली की सर्व काही कायदेशीर होते, असे बहुतेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निर्णयाने ही समजूत किती अपुरी आहे ते दाखवून दिले. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यासाठी भूल देण्यात आली होती. तपासणीत जे आढळले त्यावरून गर्भाशय काढणे इष्ट आहे असे डॉक्टरांना वाटले. रुग्ण भुलीखाली असल्यामुळे बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, बीजकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या. न्यायालयाने ही संमती ग्राह्य मानली नाही. रुग्ण सज्ञान होती, तिची बुद्धी शाबूत होती, ती केवळ काही काळ भुलीखाली होती, आणि प्राणावर बेतलेला असा कोणताही प्रसंग नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारणे शक्य होते. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही, आणि सज्ञान मुलीच्या वतीने आईला संमती देता येत नाही, असा या निर्णयाचा सारांश आहे.

२. प्राणसंकट आणि गरजेचे तत्त्व

मग अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाचे काय? त्याला विचारता येत नाही, नातलगांचा पत्ता नाही; तेव्हा डॉक्टरने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. वरील निर्णयातच न्यायालयाने अपवाद स्पष्ट केला आहे. रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी किंवा त्याचे आरोग्य राखण्यासाठी जे आवश्यक आहे, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत थांबणे जेथे अविचाराचे ठरेल, तेथे संमतीवाचूनही उपचार करता येतात.

फौजदारी कायद्यात हे तत्त्व फार जुने आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात ते होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या ३० व्या कलमात ते कायम ठेवले आहे. जो माणूस संमती देऊ शकत नाही, आणि ज्याच्या वतीने संमती देणारा कोणी वेळेत मिळणे शक्य नाही, त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. कायद्याने दिलेले उदाहरणही बोलके आहे. एक माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला आहे. त्याची कवटी उघडून शस्त्रक्रिया करणे आवश्यक आहे असे शल्यविशारदाला दिसते. तो माणूस भानावर येण्यापूर्वीच, त्याच्या भल्यासाठी, तो ती करतो. त्याने गुन्हा केलेला नाही.

इतकेच नव्हे, तर उपचार करणे हे कर्तव्यच आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की जखमी माणसाचा जीव वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

मात्र या तत्त्वाच्या मर्यादा नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. गरज संपली की अधिकारही संपतो. रक्तस्राव थांबविण्यासाठी उघडलेल्या पोटात जे जे अनावश्यक दिसले ते काढून टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तसेच, शुद्धीवर असताना रुग्णाने एखादा उपचार जाणूनबुजून नाकारला असेल तर तो बेशुद्ध होण्याची वाट पाहून तोच उपचार करणे हा या तत्त्वाचा गैरवापर होय.

३. असमर्थता दीर्घकाळ टिकते तेव्हा

अडचण खरी उभी राहते ती असमर्थता आठवडे, महिने, वर्षे टिकते तेव्हा. इंग्लंडमध्ये हा प्रश्न १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला होता. सज्ञान पण असमर्थ व्यक्तीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार तेथील कायद्याने कोणालाच, न्यायालयालाही, ठेवलेला नव्हता. तथापि रुग्णाच्या सर्वोत्तम हिताचा उपचार गरजेच्या तत्त्वावर कायदेशीर ठरतो, असा निवाडा लॉर्डांनी दिला. पुढे २००५ मध्ये तेथे यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

आपल्या देशात सर्व प्रकारच्या असमर्थ रुग्णांना लागू होईल असा एकच सर्वसमावेशक कायदा नाही. बुद्धिमांद्य, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती सज्ञान व्यक्तीलाही पालक नेमून देऊ शकते. परंतु मेंदूला इजा होऊन दीर्घ मूर्च्छेत गेलेल्या माणसाला यांतील काहीही लागू पडत नाही. अशा वेळी नातलगांना उच्च न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागतो. जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही त्याचे पालकत्व अंतिमतः राज्यसत्तेकडे असते, या प्राचीन तत्त्वावर आपली उच्च न्यायालये संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये मूर्च्छेतील एका पतीचे पालकत्व त्याच्या पत्नीकडे सोपविले. बँकेतील पैसे काढणे किंवा घर विकणे यासाठी तर अशा नेमणुकीवाचून गत्यंतरच नसते.

येथे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांची आठवण होणे साहजिक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचे अन्न बंद करावे अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तरही न्यायालयाने दिले. दशकानुदशके ज्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली, त्या रुग्णालयातील सेवकवर्गाचा तो अधिकार आहे, असे न्यायालय म्हणाले. रक्ताचे नाते किंवा सार्वजनिक तळमळ यांपेक्षा प्रत्यक्ष सेवेला कायद्याने येथे अधिक मान दिला, ही गोष्ट आपण विसरू नये.

४. मानसिक आजार म्हणजे असमर्थता नव्हे

मनोरुग्णांच्या बाबतीत २९ मे २०१८ पासून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम लागू आहे. या अधिनियमाचा पाया असा की मानसिक आजार असलेली व्यक्तीही आपल्या उपचाराविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे असेच गृहीत धरावयाचे. सांगितलेली माहिती तिला समजते काय, निर्णयाच्या परिणामांची तिला जाणीव आहे काय, किंवा बोलून, खुणेने वा अन्य मार्गाने ती आपला निर्णय कळवू शकते काय, हे पाहावयाचे. माहितीही तिला समजेल अशा भाषेत, गरज पडल्यास चित्रांच्या वा खुणांच्या साहाय्याने द्यावयाची. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून ती असमर्थ ठरत नाही. "वेड्याला काय विचारायचे?" हा आपल्या समाजातील उद्गार या कायद्यापुढे टिकणारा नाही.

ती खरोखरच असमर्थ असेल तर तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी निर्णयास साहाय्य करतो. हा प्रतिनिधी सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आधीच नेमून ठेवता येतो. तसा नेमलेला नसल्यास नातलग, त्यानंतर प्रत्यक्ष काळजी घेणारी व्यक्ती, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णाला दाखल करून घेतले तरी त्याची मुदत प्रथम ३० दिवसांची असते, आणि तेवढ्या काळात रुग्णाची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासावी लागते. कारण क्षमता ही आज नसली तरी उद्या परत येऊ शकते. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार करू शकतो, पण सर्वसाधारणपणे ७२ तासांपुरतेच, आणि त्यात विजेचे झटके देता येत नाहीत.

या अधिनियमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासगृहाला आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही. प्रार्थनेने गुण येईल या आशेने त्यांच्या आप्तांनी त्यांना त्या तीर्थस्थानी आणून ठेवले होते. हा दोष एका धर्माचा नव्हे. प्रार्थनेच्या नावाखाली रुग्णाला कोंडून ठेवणे, त्याची औषधे बंद करणे हे आपल्या लोकांतही घडू शकते, आणि घडत असेल तर ते थांबविण्याची जबाबदारी प्रथम आपली आहे. मनोरुग्णांना निवासासह ठेवून घेणारी संस्था, मग ती मिशनची का असेना, या अधिनियमाखाली नोंदणीकृत असावी लागते, हेही संस्थाचालकांनी ध्यानात ठेवावे.

५. आयुष्याच्या अखेरीस

जेथे बरे होण्याची आशा उरलेली नाही तेथे कृत्रिम श्वसनयंत्रासारखे उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी निर्णय दिला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीला पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचे वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे असते. आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणाला विचारावे, त्यांची नावेही त्यात घालता येतात. पूर्वनिर्देश असो वा नसो, उपचार थांबविण्यापूर्वी रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि नंतर दुसरे मंडळ, अशा दोन मंडळांचा अभिप्राय आणि आप्तांची संमती आवश्यक असते, व रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. विष किंवा सुई देऊन प्राण घेणे मात्र पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे.

गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा पूर्वनिर्देश नोंदविला, आणि कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२५ मध्ये या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी आदेश काढला. म्हणजे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दाराशी हा विषय आलेला आहे.

६. ख्रिस्तसभेची शिकवण

या कायद्याकडे श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले असता आम्हांला शुभवर्तमानातील दोन प्रसंग आठवतात. यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेल्या माणसाला चांगल्या शोमरोन्याने काही विचारले नाही. विचारण्याची सोयच नव्हती. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेले आणि पुढील खर्चाची हमी घेतली. परंतु त्याच यरीहोजवळ आंधळा बार्तीमय हाका मारीत आला तेव्हा, त्याला काय हवे हे उघड दिसत असतानाही, प्रभूने त्याला त्याची इच्छा विचारली. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी धावून जाणे, आणि जो बोलू शकतो त्याला प्रथम विचारणे, ही दोन्ही प्रीतीचीच रूपे आहेत. कायद्यातील गरजेचे तत्त्व आणि संमतीचे तत्त्व यांचा मेळ येथे दिसतो.

पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात असे प्रतिपादन केले की डॉक्टरचा अधिकार रुग्णाकडून येतो, आणि सज्ञान रुग्ण बेशुद्ध असता कुटुंबाचा अधिकार हा त्या रुग्णाच्या अनुमानित इच्छेवर अवलंबून असतो. म्हणजे आप्तांनी "आम्हांला काय वाटते" हे सांगावयाचे नसून "त्याला काय वाटले असते" हे सांगावयाचे आहे. आपल्या कॅनन लॉ संहितेतही हाच विचार आहे. शुद्धीवर असताना ज्याने निदान गर्भितपणे तरी मागितला होता, अशा रुग्णाला रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यावा, असे तिचे १००६ वे कलम सांगते. बेशुद्ध माणसाच्या कपाळाला तेल लावताना आपण प्रत्येक वेळी त्याच्या पूर्वीच्या इच्छेचाच आधार घेत असतो.

शेवटच्या काळातील उपचारांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका अशी : फलापेक्षा ओझे अधिक असलेले असाधारण उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, परंतु जीव घेण्याच्या हेतूने काही करणे वा टाळणे केव्हाही योग्य नाही. नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी हे तत्त्वतः साधारण शुश्रूषेत मोडते, असे रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. दिवाणी कायद्याची मुभा या बाबतीत अधिक व्यापक आहे. म्हणून पूर्वनिर्देश लिहिणाऱ्या श्रद्धावंताने अन्नपाण्याविषयीची आपली इच्छा त्यात स्पष्ट शब्दांत नमूद करावी.

७. काही व्यावहारिक सूचना

पहिली गोष्ट, धर्मगुरूने किंवा धर्मशिक्षकाने रुग्णाच्या वतीने संमतीच्या कागदावर सही करू नये. तो अधिकार त्याला नाही. डॉक्टर प्राणसंकट आहे असे म्हणत असतील तर सहीसाठी उपचार अडवून धरू नयेत, असे मात्र आप्तांना ठामपणे सांगावे.

दुसरी गोष्ट, उपचार तातडीचे नसतील तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारण्यास सुचवावे : रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येईल काय? येत असेल, तर थांबावे आणि रुग्णालाच विचारावे.

तिसरी गोष्ट, रुग्णाची पूर्वीची इच्छा आपल्याला ठाऊक असेल तर ती आप्तांना व डॉक्टरांना सांगावी. मात्र प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ऐकलेले काहीही, रुग्णाच्या भल्यासाठी का होईना, उघड करता येत नाही.

चौथी गोष्ट स्वतः आपल्यासंबंधी आहे. आपण धर्मगुरू व व्रतस्थ मंडळी घरदार सोडून आलेलो. आपण बेशुद्ध पडलो तर डॉक्टर कोणाला विचारणार? संघाचे वरिष्ठ किंवा मठाच्या मदर यांना केवळ त्या पदामुळे आपल्या वतीने वैद्यकीय संमती देण्याचा अधिकार देशाच्या कायद्याने दिलेला नाही, आणि शेकडो मैलांवरच्या भावंडांना आपले मन ठाऊक असेलच असे नाही. तेव्हा प्रत्येकाने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी आणि पूर्वनिर्देश यांचे कागद करून ठेवावेत, त्यांची एक प्रत वरिष्ठांकडे आणि एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि ज्यांची नावे घातली त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलावे. जे आपण स्वतः केले नाही ते धर्मग्रामातील वृद्धांना करावयास सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.